आप्पांचा रस्ता नव्या गेममध्ये येणार का?

माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, तीस वर्षं चाकणहून नव्या मोटारी भरलेला ट्रेलर चालवला. मग साखरेनं पायाचे तळवे बधिर झाले, क्लच दाबला गेलाय की नाही ते कळेना, आणि डॉक्टरांनी स्टिअरिंग सोडायला लावलं. घरी बसलेला ड्रायव्हर म्हणजे काय ताप असतो ते आमच्या आईला विचारा. मिक्सर कसा लावायचा इथपासून फाटकाची कडी कशी घालायची इथपर्यंत सगळ्यात त्यांची लुडबुड. शेवटी वैतागून मी त्यांच्यासमोर कॉम्प्युटर ठेवला, त्याला खेळायचं स्टिअरिंग जोडलं आणि ट्रक चालवायचा तो सगळ्यांना ठाऊक असलेला गेम लावून दिला. त्यात क्लच हातानं दाबायची सोय करता येते.

दोन दिवस त्यांनी निमूटपणे चालवला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, रस्ता परदेशातला आहे, मध्येच कुणी आडवं येत नाही, झोप येते.

ही तक्रार ऐकून मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. या गेममध्ये खेळणारे लोक स्वतःच्या हौसेनं नवे रस्ते, नव्या गाड्या बनवून घालतात. त्याला मॉड म्हणतात. मी चाकणच्या एका फाउंड्रीत साच्यांची डिझाइन करते, त्यामुळे कॉम्प्युटरवर वस्तू घडवणं हे माझं रोजचंच काम. मग काय, सुट्टीच्या दिवशी आप्पांना स्कूटरवर मागं बसवायचं आणि चाकणपासून तळेगावमार्गे निगडीपर्यंत फोटो काढत, मापं घेत हिंडायचं. ते सांगत गेले, मी बनवत गेले. उलट्या बाजूनं येणारे टेम्पो, शिफ्ट सुटल्यावर रस्ता अडवणाऱ्या कंपन्यांच्या बस, रसवंतीपाशी निम्म्या रस्त्यात लावलेल्या मोटारसायकली. रस्ता पूर्ण झाला त्या दिवशी मी घरभर नाचले.

मग ट्रेलर बनवला आणि तिथं मी माती खाल्ली. आप्पा गाडी घेऊन निघाले आणि जिथून मोटारी भरायच्या त्या यार्डाच्या गेटवरच्या लोखंडी आडव्या दांड्याला ट्रेलर अडकला. पुन्हा घेतला, पुन्हा अडकला. या दांड्याखालून त्यांनी आयुष्यभर गाडी काढली होती, वर तीन बोटं जागा राहायची. ते म्हणाले गाडी चुकलीय, मी म्हणाले तुमचा हात बसलेला नाही. झालं, दोन दिवस अबोला. आईनं दोघांना वेगवेगळं वाढलं. तिसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वितळलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून आम्ही साचा नेहमी किंचित मोठा करतो. सवयीनं मी ट्रेलरलाही तीच वाढ देऊन बसले होते. कधी वितळायचा नाही की आकसायचा नाही, असा गेममधला ट्रेलर! त्या दिवशी घरी जाऊन आप्पांची माफी मागावी लागली. मला माफी मागायला फार जड जातं, आणि त्यांना हे माहीत असल्यामुळे त्यांनी ती दोनदा मागायला लावली.

हे सगळं मी मॉड बनवणाऱ्यांच्या ग्रुपवर लिहिलं तेव्हा लोक हसून लोळले. पण रस्ता आपापल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतला आणि त्यावर गाड्याही पळवल्या. कुठल्या कुठल्या देशांतले लोक आमच्या तळेगाव रस्त्याच्या कोंडीत अडकून शिव्या घालू लागले. मी त्या शिव्या आप्पांना मराठीत करून सांगायची. ते खुलून जायचे.

अशात त्या गेमचा नवा भाग येणार अशी बातमी आली. सोबत अफवाही आली की यापुढे बाहेरच्यांचे मॉड बंद, कंपनी देईल तेवढेच रस्ते. मी बिथरले. जुना गेम काही वर्षं चालेल, पण पुढं? नवे कॉम्प्युटर येतील, सगळे नव्या भागाकडे जातील आणि आप्पांचा रस्ता पडून राहील. एकदा त्यांच्या हातून स्टिअरिंग सुटलं होतं, दुसऱ्यांदा ते मला बघायचं नव्हतं. आप्पा म्हणाले, "न्हाई तर न्हाई. खेळच हाय तो." आणि शनिवारी संध्याकाळी कंपनी नव्या भागाची माहिती इंटरनेटवरून सांगणार होती, त्या घोषणेच्या अर्धा तास आधीच खुर्ची ओढून बसले.

घोषणा इंग्रजीत होती, मी एकेक वाक्य सांगत होते. मॉड चालू राहणार. एवढंच नाही, रस्ते बनवायची पूर्ण अवजारं गेमबरोबरच सगळ्यांना मिळणार. मी किंचाळले, आई स्वयंपाकघरातून धावत आली. पुढचं वाक्य ऐकून मात्र माझा आनंद विरला. नव्या भागाची रचना मुळापासून वेगळी, त्यामुळे जुने मॉड त्यात चालणार नाहीत. सगळा रस्ता पुन्हा पहिल्यापासून बनवावा लागणार होता. आणि शेवटी, जाता जाता सांगावं तसं, त्यांनी सांगितलं की आता एका गाडीत दोन खेळाडू बसू शकतील, एक चालवायला आणि एक शेजारी.

मी आप्पांना तेही सांगितलं. ते पडद्याकडेच बघत होते. मला वाटलं, रस्ता गेला म्हणून वाईट वाटतंय, म्हणून मी घाईघाईनं म्हणाले की करू आपण परत, वर्ष लागेल फार तर.

"ते व्हईल गं," आप्पा म्हणाले. "शेजारी कुणालाबी बसवता येतं व्हय?"

मी हो म्हणाले.

"साळंत असताना माझ्या गाडीत बसायला रडली व्हतीस तू. गेटपातुर आली व्हतीस पळत. घरचं माणूस केबिनमदी घ्यायचं न्हाई, असा कंपनीचा कायदा व्हता." मग म्हणाले, "आता बसशील का?"

आईनं माझ्याकडे बघितलं. तो सबंध रस्ता मी आप्पांच्या सांगण्यावरून बनवला होता, पण गाडीत त्यांच्या शेजारी बसून एकदाही बघितला नव्हता. मी होकाराची मान हलवली. आप्पांनी आईला चहा टाकायला सांगितला आणि मला विचारलं, कामाला कधी लागायचं.