सुपातलं सलाईन

१९५३ सालच्या मे महिन्यात, चामटोलीत, भर दुपारी, जमिनीवर ठेवलेल्या बाटलीतलं सलाईन खाटेवरच्या माझ्या बहिणीच्या शिरेत चढलं. बाटली खाली, हात वर. घडलं ते एवढंच.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. मी वर्तमानपत्रात होतो. कचेरीत पांढऱ्या साडीतली बाई रात्री दिसल्याची पत्रं नेमाने येत आणि नेमाने टोपलीत जात. बाईला दुसरं काम नसावं. लिहिणाऱ्यांना तर नव्हतंच. म्हणून इथे फक्त पाहिलेलं सांगतो.

मी तेव्हा अंबरनाथ पूर्वेला राहत होतो. धाकटी बहीण वत्सला चामटोलीत दिलेली. तिला जुलाब-उलट्या लागल्या, तेव्हा सासरच्यांनी आधी अंगारा लावला, मग भगत आणला, आणि तिचे डोळे खोल गेल्यावर मला निरोप धाडला. क्रम नेहमीचाच. उल्हासनगरच्या कॅम्पातले एक सिंधी डॉक्टर मी सोबत नेले. त्यांच्याकडे सलाईनची एकच बाटली होती. या भागात तोवर पेनिसिलिनची सुई म्हणजे विज्ञानाची हद्द, आणि तीही दुखली तरच खरी.

वत्सलाच्या शिरा सापडेनात. दोन्ही हात टोचून झाल्यावर एकदाची एक लागली. हात फळीला बांधला, बाटली वाशाला उलटी टांगली. लाल रबरी नळीतून थेंब सुरू झाले.

"बाटली ऊपरच पाहिजे, साईं," डॉक्टर म्हणाले. "खाली आली तर खून उलटा नळीत येईल, जमेल... खलास. दुसरी शीर नाही, दुसरी बाटली नाही. पेशाब झाला तर समजा, वाचली."

वत्सलाचा नवरा काशिनाथ आणि मी गाडी जुंपायला गेलो. वेळ आलीच तर तिला बदलापूर स्टेशनला न्यायचं होतं. डॉक्टर ओटीवर चहा पीत, कॅम्पातल्या बराकींवरून सरकारला शिव्या देत बसले. रोग्याजवळ बसावं असं त्यांना वाटलं नाही.

परत आलो, तर बाटली जमिनीवर, तांदळाच्या सुपात आडवी.

"ही कोणी काढली?"

"मी," वत्सलाच्या सासूबाई म्हणाल्या. "जित्या मानसाच्या डोईवर पानी गलवीत नाय, पावनं. मसनात मडक्याला भोक पारून गलवतात. माजी सून मेली हाय का?"

"आये, तू मारलीस तिला!" काशिनाथ ओरडला.

"मारतो तुजा डाक्तर. पोरीच्या हातांची चालनी केली."

डॉक्टर धावत आत आले, सिंधीत काहीतरी बोलले आणि खाली वाकले. नळीत रक्ताचा टिपूस नव्हता. बाटलीतली पातळी आमच्या देखत उतरत होती.

त्यांनी बाटली उचलून पुन्हा वाशाला टांगली. थेंब थांबले. नळी दाबली, सुई चाचपली... काही नाही. वत्सलाचे ओठ काळे पडत होते.

"ठेवा खाली," मी म्हणालो.

"खाली? साईं, विहिरीतलं पाणी घागरीत आपोआप चढतं काय?"

"ठेवा."

सासूबाईंनीच ती काढून सुपात ठेवली. पातळी पुन्हा उतरू लागली.

"किसी को बोलना नहीं," डॉक्टर म्हणाले. "लोक हसतील." बहिणीचा जीव टांगणीला, आणि यांना लोकांच्या हसण्याची काळजी.

गावात पुढे गोष्ट फिरली, की सुपावर देवीचा हात दिसला, उजेड पडला. हात नव्हता. उजेड उन्हाचा होता, दारातून आलेला. खाटेखाली कोणी नव्हतं, मी पाहिलं. नंतर दवाखान्यात तीच नळी, तीच बाटली घेऊन मी डॉक्टरांना करून दाखवायला लावलं. पाणी तसूभरही चढलं नाही. "हवा अडकली असेल," ते म्हणाले. हवेने पाणी असं चढत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. खुलासा त्यांच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही.

त्या दुपारी बाटली पूर्ण रिकामी झाली. सुपातल्या तांदळांत मी हात घालून पाहिला. कोरडे होते. दिवेलागणीच्या आधी सासूबाई ओटीवर आल्या आणि अंगणातल्या सगळ्या पुरुषांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"पोर मुतली."