‘हाय’ काढून ‘आहे’

आमच्या कामाला साहेब ‘रिफ्रेश’ म्हणतात. पनवेलच्या एसटी स्टँडजवळ चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. तिथून आम्ही चौघीजणी या भागाची एक वेबसाइट चालवतो: फार्महाऊस, प्लॉट, सहली, खाणंपिणं. नवीन लिहायला कोणाला सवड नसते. मग सात-आठ वर्षांपूर्वीचं एखादं पान उघडायचं, मथळ्यातलं साल बदलायचं, फोटो नवा टाकायचा, भाषा जरा साबण लावून धुवायची. शिळं पान ताजं दिसायला लागतं आणि लोकांनी नेटवर काही शोधलं की यादीत पुन्हा वर येतं. मला हे काम छान जमतं. त्याचा तोराही होता मला.

मागच्या नोव्हेंबरात साहेबांनी पोपटीचं पान माझ्या गळ्यात मारलं. थंडीत आमच्याकडे शेतावर पोपटी लावतात. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी आणि भांबुर्डी या रानझुडपाचा वासाचा पाला मडक्यात गच्च भरायचा, मडकं पालथं घालायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. आता शहरातले लोक त्यासाठी फार्महाऊस बुक करतात, म्हणून ते पान डिसेंबरच्या आत वर यायला हवं होतं.

ते पान माझंच होतं. नोकरीला लागले त्या वर्षी कोनला, आमच्या गावच्या घराच्या ओटीवर आईला बसवून लिहिलेलं. तेव्हा साहेबांना ‘गावरान टच’ हवा होता, म्हणून आई बोलली तसंच्या तसं उतरवलं होतं. आई जाऊन आता दोन वर्षं झाली. तिचं बोलणं माझ्याकडे दुसरं कुठेच नाही. मोबाइल समोर धरला की ती तोंडावर पदर घ्यायची. ती गेल्यावर पहिले काही महिने मी बसमध्ये ते पान उघडून वाचायचे. मग वाचणं कमी झालं. ते आहे तिथे आहे, एवढं माहीत असणंच पुरे वाटायला लागलं.

आणि तरीही मी ते धुतलं. साहेब म्हणाले, “गावरान आता चालत नाही. मशीनला कळत नाही. स्वच्छ मराठी हवी.” मी दोन दिवस बसून आईची वाक्यं सरळ केली. लांब होती ती तोडली, मध्येच शेजारणीला मारलेली हाक उडवली. कामाच्या नादात ही आई आहे हे डोक्यातच आलं नाही. खोटं कशाला बोलू, एकदा आलं होतं. तेव्हा मी चहा प्यायला खाली गेले.

शेवटी वेळ वाचवायला मी संगणकालाच सांगितलं, साऱ्या वेबसाइटवर जिथे जिथे ‘हाय’ दिसेल तिथे ‘आहे’ कर आणि ‘नाय’चं ‘नाही’ कर. एका क्लिकमध्ये झालं. दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाचा हसत हसत फोन आला. आमच्या वेबसाइटवर मुंबई-पुणे ‘आहेवे’ झाला होता. प्लॉट ‘आहेस्कूल’जवळ होते आणि तंबू ‘नाहीलॉन’च्या दोरीने बांधलेले होते. ऑफिसात हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली. मीही हसले. मग एकेक पान उघडून दुरुस्त करत पोपटीवर आले. तिथे लिहिलं होतं, “भांबुर्डी कुठेही आहे, आहेवेच्या कडेलाही आहे.”

माझं हसू तिथेच बंद झालं. आईचं वाक्य होतं ते. “हायवेच्या कडंला पन हाय.” तेवढं एक मला आठवलं. बाकीची वाक्यं माझी झाली होती.

जुनं पान परत आणू म्हणून साहेबांकडे गेले. ते म्हणाले, “जुन्या प्रती कधीच काढून टाकल्या. साइट जड झाली होती. का, काय झालं?” काही नाही म्हटलं आणि जागेवर येऊन बसले. आठवून लिहू लागले. पण आई ‘कवा’ म्हणायची की ‘कधी’? ‘पानी शिपरायचं’ म्हणाली होती की ‘मारायचं’? तीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिची चार वाक्यं मला जुळवता येईनात. स्वतःचा असा संताप आला की कीबोर्ड ढकलून दिला.

रविवारी कोनला मावशीकडे गेले. आईची ही धाकटी बहीण अजून तसंच बोलते. वही काढून म्हटलं, “मावशी, आई पोपटी कशी सांगायची ते तिच्या बोलण्यात सांग. माझ्या कानात नुसतं ‘आहे, आहे’ येतंय.”

मावशी शेंगा निवडत होती. तिने मान वर केली नाही.

“तुझ्या कानान तेच येनार, बाय. तुझ्याम्होरं ती आहेच बोलायची. तू हायस्कुलान व्हतीस, बाईंम्होरं तिला टोकलंस, हाय नाय, आहे बोल. घरी येऊन रडली व्हती. तवापासून तू आलीस का ती जपून बोलायची. दवाखान्यान पन. मी गेली का हाय, तू आलीस का आहे.”

मला ते टोकणं आठवतसुद्धा नव्हतं.

“येकदाच कवातरी तू तिला बोललीस, आई, तुझ्या बोलीत सांग, मी लिवते,” मावशी म्हणाली. “त्या दिसाला धावत आली माझ्याकडं. बोलली, आज पोरीनं मला माझं बोलू दिलं.”

वही तशीच मिटून मी घरी आले. पोपटीचं पान आता सगळ्यांत वर आहे, साहेब खूश आहेत. आई माझ्यासमोर मोकळेपणाने बोलली असा तो एकच दिवस होता. तो मी शुद्ध करून टाकला.