नछत्तरसिंगाची कडी

पंजाबातल्या दोआब्यात बटाटे काढायचे दिवस आले, की नछत्तरसिंगाला ट्रॅक्टरवरून खाली उतरवायला घरच्यांना आरडाओरडा करावा लागे. सत्तरी उलटली होती, गुडघे कुरकुरत होते, पण सीट काही सुटेना.

ट्रॅक्टरच्या बाबतीत त्याचे दोनच नेम. मडगार्डवर चहाचा काठोकाठ भरलेला ग्लास ठेवायचा आणि हाताच्या रेसचा दांडा असा हळू ओढायचा, की थेंब सांडता कामा नये. हा पहिला. दुसरा ब्रेकच्या कडीचा. वावरात दोन्ही ब्रेक सुटे ठेवायचे; टोकाला एकच दाबला की ट्रॅक्टर शिकवलेल्या बैलासारखा जागच्या जागी वळतो. रस्त्याला लागायच्या आधी मात्र दोन्ही पेडलं कडीनं जोडायचीच. मागं भरली ट्रॉली असताना एका बाजूचाच ब्रेक लागला, तर माणसं थेट कालव्यात!

"कडी विसरेन त्या दिवशी सीट सोडेन," असं तो चारचौघांत छाती काढून सांगे.

"पगडीवर चष्मा ठेवून घरभर शोधता, ते कोण हो?" त्याची बायको दलीपकौर विचारी.

सून वीरपाल दोन हिवाळे त्याच्याकडून शिकत होती. वावरात तिचा हात छान बसला होता. रस्त्याचं विचारलं, की म्हातारा म्हणे, "बघू पुढं, पुत्तर."

त्या दिवशी सकाळभर बटाटे उकरले, दुपारी ट्रॉली भरली. दलीपकौर पोत्यांवर चढून बसली, वीरपाल मडगार्डवर. वावराच्या तोंडाशी नछत्तरसिंगानं ट्रॅक्टर थांबवला, रेस उतरवली आणि चहा घेतला. पुढं कालव्याचा उतार.

तेवढ्यात वीरपालच्या हातातून रुमाल पडला. ती उचलायला वाकली. टक् असा बारीक आवाज झाला. ती सरळ झाली, रुमाल झटकला आणि लांब शेताकडे बघत बसली.

चाळीस वर्षं ऐकलेला आवाज तो. नछत्तरसिंगानं खाली पाहिलं. कडी बसलेली होती. ती त्यानं बसवली नव्हती.

"रुमाल पडला होता, बापूजी," ती हळूच म्हणाली.

"हो. पडतो कधी कधी." मागं पोत्यांवर बसलेल्या बायकोकडे त्यानं एकदा वळून पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकत उठला. "सरक. इकडे ये, सीटवर."

"बापूजी, मी कुणाला सांगणार नाही."

"ठाऊक आहे. म्हणून तर सांगतोय. आणि ऐक, उतारावर क्लच दाबायचा नाही. रेस कमी ठेव, इंजिनच धरून ठेवतं गाडी."

मागून दलीपकौर ओरडली, "अहो, काय झालं? उतरलात का?"

"गुडघा दुखतोय!"

तो मडगार्डवर बसला, हातात अर्धा ग्लास. वीरपालनं जीव मुठीत धरून रेसचा दांडा ओढला. ट्रॅक्टरनं हिसका दिला आणि गरम चहा म्हाताऱ्याच्या पायजम्यावर सांडला.

"भाजलं का, बापूजी?"

"पुढं बघ, पुढं! सांडू दे," तो मांडी चोळत हसला. "उद्या काठोकाठ भरून घेऊ."