जित्या माणसाचा सदरा

आईची गोधडी मधल्या चौकोनापासून सुरू व्हायची. त्याच्याभोवती पट्ट्या फिरवत जायचं, दोन बाजूंना फिक्या, दोन बाजूंना गडद. पट्ट्या कसल्याही चालत, परकराच्या, पायजम्याच्या. मधला तुकडा मात्र धड कापडाचा हवा, कारण सगळी ओढ त्याच्यावर येते. आणि जित्या माणसाचा धड कपडा त्यासाठी फाडायचा नाही, हा आईचा नियम.

मुंबईत गिरण्यांचा संप झाला, त्यानंतर वर्षभर बाबांचं पत्र नव्हतं. त्यांचा निळ्या रेघांचा सदरा घरी पेटीत होता. आई दर महिन्याला त्याला ऊन दाखवायची आणि घडी घालून परत ठेवायची. मला ते बघवेना. तेवढ्यात ताई पहिल्या बाळंतपणाला आली. बाळासाठी गोधडी शिवायची होती आणि मधल्या तुकड्याला घरात धड कापड नव्हतं. नव्हतं कसं, होतं की! आई लांज्याच्या बाजाराला गेली तशी मी सदरा काढला आणि पाठीचा चौकोन कापला. चौदा वर्षांची अक्कल ती. बाबांवरचा राग सदऱ्यावर काढला, वड्याचं तेल वांग्यावर.

आईनं थोबाडीत दिली. मग बराच वेळ तो चौकोन मांडीवर घेऊन बसली, आणि सुई ओवून त्यालाच पहिली पट्टी जोडली. रडली नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली.

बारशाच्या दिवशी सकाळी बाबा एसटीतून उतरले. गळ्याची हाडं वर आलेली, अंगातला सदरा बगलेत उसवलेला. ताईच्या सासरची मंडळी यायची होती. बाबा आंघोळ करून आले आणि आईला म्हणाले, "माजा तो निळ्या रेगांचा सदरा काड गो. इवायांसमोर असा कसा उभा ऱ्हाऊ?"

आई पाळण्याची दोरी सारखी करू लागली. बाबा नातवाला बघायला पाळण्यात वाकले. बाळाखाली गोधडी होती. त्यांचं बोट मधल्या चौकोनावर थांबलं.

"कवा कापलास?"

मी दारातच उभी होते. 'मी कापला', एवढंच तर सांगायचं होतं.

"थंडीत," आई म्हणाली.

"म्हंजे तुज्यासाठी मी तवाच मेलो."

बारसं उरकेपर्यंत बाबा परसात माडाखाली बसून राहिले. घुगऱ्या वाटताना विहीणबाईंनी दोनदा विचारलं, व्याही आलेत म्हणे, कुठं आहेत? त्यांना बरं नाही, असं आई दोन्ही वेळा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं बाबा गेले. पुढं दोन वर्षांनी मुंबईहून निरोप आला, तो ते वारल्याचा.

आईनं मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. भाचा मोठा झाल्यावर ताईनं गोधडी माझ्याकडे दिली. पट्ट्या विरून गेल्यात, मधला चौकोन अजून धड आहे. तो कुणी कापला हे बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही.