चपलांच्या रॅकजवळचं स्टूल

"दुसरीत कोणीतरी उलटी केली आहे. मावशी आज आली नाही. तुम्ही बसलेल्याच आहात, तेवढं पुसून घ्या."

मुख्याध्यापिका मॅडम हे चालता चालता बोलल्या. थांबल्याही नाहीत. मी आजूबाजूला पाहिलं. कॉरिडॉरमध्ये दुसरं कोणी नव्हतं. म्हणजे मलाच.

मी त्या शाळेत नोकरीला नव्हते. त्याच दुसरीतल्या एका मुलाची आई होते. तरी उठले. बादली भरली, फिनाईल टाकलं आणि माझ्या मुलाच्या वर्गात, त्याच्या डोळ्यांसमोर, गुडघे टेकून फरशी पुसली. सगळा वर्ग नाक दाबून हसत होता. सम्यक हसत नव्हता. तो माझ्या हातातल्या पोछ्याकडे बघत होता.

मी तिथे कशी पोचले, ते सांगते.

सम्यक एका जागी बसत नाही. पंख्याचं बटण, खिडकी, शेजारच्याचं खोडरबर, सगळं त्याला एकाच वेळी हवं असतं. राग आला की ढकलतो. याचे पप्पा ट्रक घेऊन बाहेरगावी, त्यामुळे ऐकून घ्यायला मी एकटी. लाडावलाय. मोबाईलनं बिघडलाय. दोन रट्टे द्या. ऐकून ऐकून कान किटले. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नीट तपासलं आणि सांगितलं, याला एडीएचडी आहे. ही मस्ती नाही, मेंदूची ठेवणच अशी आहे, शाळेची साथ मिळाली तर पोरगं छान शिकेल. त्यांनी शाळेसाठी कागदावर लिहूनही दिलं. पहिल्या बाकावर बसवा. एका वेळी एकच काम सांगा. मधे मधे उठून चक्कर मारू द्या. एवढंच. त्यासाठी काही नवी इमारत बांधायची नव्हती.

मॅडमनी कागद वाचल्यासारखा केला आणि म्हणाल्या, "आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही. तुम्ही रोज येऊन बसा, नाहीतर दाखला घेऊन जा."

दाखला कसा घेणार? मनीषनगरातली एवढी मोठी शाळा. आरटीईतून नंबर लागला तेव्हा आम्ही वस्तीत पेढे वाटले होते. मी सदर बाजारातल्या चष्म्याच्या दुकानातली नोकरी सोडली आणि स्टूलवर जाऊन बसले. मला वाटलं, हीच ती शाळेची साथ. मी मॅडमचे आभारही मानले होते. आठवलं की आजही अंगाची लाही होते.

ते स्टूल वर्गात नव्हतं. वर्गाबाहेर होतं, चपलांच्या रॅकजवळ. तिथून सम्यक दिसायचा नाही, फक्त त्याचं नाव ऐकू यायचं. सम्यक, खाली बस. सम्यक, हात बांध. सम्यक, बाहेर हो. बाहेर आला की त्याला पाणी पाजायचं, तोंडावरून हात फिरवायचा आणि परत आत ढकलायचं. त्याचा बाक शेवटचाच राहिला. आणि बोट दिलं की लोक मनगट धरतात. मॅडम आधी म्हणाल्या, बसल्या बसल्या चपला सरळ लावा. मग टीचर लोकांचे चहाचे कप विसळा. मी विसळले. माझ्या पोराला कोणी रागावू नये म्हणून विसळले.

त्याच वर्गात एका मोठ्या डॉक्टरीणबाईंचा मुलगा आहे. तोही बाकावर चढून नाचतो. त्याला टीचर 'एनर्जेटिक' म्हणतात. माझ्या मुलाला 'व्हायोलंट'. त्या बाई गाडीतून येतात तेव्हा त्यांना केबिनमध्ये खुर्ची मिळते. त्यांना कधी कोणी चपला लावायला सांगितल्या नाहीत.

मी फरशी पुसली त्या दिवशी मधल्या सुट्टीत एक मुलगा सम्यकला म्हणाला, "तेरी मम्मी तो अपनी बाई है." सम्यकनं त्याच्या डोक्यात डबा हाणला. टेंगूळ आलं. मारणं चूकच, हे मी त्याला तिथेच सांगितलं. पण त्याला तसं का म्हटलं, हे त्या शाळेत कोणी विचारलं नाही.

मला केबिनमध्ये बोलावलं. उभंच ठेवलं. मॅडमनी कोरा कागद आणि पेन पुढे सरकवला.

"आता पुरे झालं. दाखल्यासाठी तुम्हीच अर्ज लिहा. कारण लिहा, घर लांब पडतं."

"घर लांब नाही मॅडम. मागच्याच गल्लीत आहे."

"तसं लिहायची पद्धत असते. शेवटी काय, घरातच वळण नसेल तर शाळा किती लावणार?"

वळण. माझ्या हातांना अजून त्यांच्या फिनाईलचा वास येत होता.

माझा बाप एक गोष्ट नेहमी सांगायचा. "तुया आज्यानं दीक्षा घेतली अन् गावातलं मेलेलं ढोर ओढनं सोडलं. उपाशी राह्यला, पन पुन्हा वाकला नाही." अशा माणसाची मी नात. माझ्यावर तर कोणी काठीही उगारली नव्हती. 'तुम्ही बसलेल्याच आहात', एवढ्यावर मी गुडघे टेकले. सम्यकला एका जागी बसता येत नाही, हा त्याचा आजार म्हणतात. मला जिथे बसवलं तिथे मी गुमान बसत होते, त्याला कोणी आजार म्हटलं नाही. मला स्वतःचा भयंकर राग आला. मग तो राग जिथे जायला हवा तिथे गेला.

इतके दिवस मी मॅडमशी त्यांच्यासारखं शुद्ध बोलायची धडपड करायची. त्या दिवशी घरची भाषा तोंडात आली.

"मी अर्ज लिहीत नाही. माह्या पोराले काढाचं असन तं तुम्ही लिहा. कारन बी तुम्हीच लिहा, सही बी तुम्हीच करा. डॉक्टरनं काय सांगतलं अन् तुम्ही काय केलं, ते बी लिहा. अन् आज वर्गात पोछा कोनं मारला, काहून मारला, ते बी."

"तुम्ही आवाज वाढवताय."

मी आवाज वाढवला नव्हता. त्यांना माझा आवाज ऐकायची सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सम्यकला वर्गाच्या दारापर्यंत सोडलं. त्यानं स्टूलकडे पाहिलं.

"मम्मी, तू आज बसून नाही राह्यली?"

"नाही बेटा. मी शिक्षण खात्याच्या ऑफिसात जाऊन राह्यली. डॉक्टरचा कागद घेऊन."

"अन् मले बाहेर काढलं तं?"

"परत आत जाजो. पहिल्या बाकावर बसजो."

"अन् बसता नाही आलं तं?"

"तं उभा राह्यजो. पन वर्गातच."

तो आत गेला. मी स्टूल उचललं, मॅडमच्या केबिनच्या दारात नेऊन ठेवलं आणि निघाले.

ऑफिसात साहेब नव्हते. कारकून म्हणाले, उद्या या. उद्या जाईन, परवाही जाईन. काम होईलच, असं मी म्हणत नाही. कोणी पाठीवर हात ठेवावा म्हणूनही हे सांगत नाही. त्या शाळेची फरशी यापुढे कोणीही पुसो, मी पुसणार नाही. सम्यक त्या वर्गात शिकेल, बसून नाहीतर उभ्यानं. दाखला मी मागणार नाही.