तेरावा फोटो

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझ्या चोरून ओढलेल्या सिगारेटीचाही पत्ता लागतो.

फोटोग्राफीचा नाद कसा काय सुटला, असं कुणी विचारलं की मी म्हणतो, संसार मागे लागला, वेळ कुठे मिळतो? खोटं आहे ते. वेळ होता. कॅमेरा तर अजून आहे, ट्रंकेत.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नागपुरात कारकून होतो आणि स्वतःला कलावंत समजत होतो. रोलमध्ये फोटो बारा, मागणारे छप्पन. मग आम्ही हौशी लोकांनी एक युक्ती काढली होती — रोल संपला असला तरी समोरच्याला नीट बसवायचं, 'हलू नका' म्हणायचं आणि नुसतं बटण दाबायचं. माणूस खूश. फोटो मागायला आलाच, तर 'रोलला उजेड लागला' म्हणायचं. हसायचो आम्ही त्यावर. कुणाचं काय बिघडत होतं? — असं वाटायचं तेव्हा.

माझा मित्र वामन गोळीबार चौकाजवळ राहायचा. घर विणकराचं. त्याच्या आईच्या, सरूमावशींच्या हातमागावर सकाळचं ऊन यायचं, ते मला प्रदर्शनासाठी हवं होतं. गेलो, तर मावशी मागावर बसलेल्या. मी म्हटलं, मावशी, जरा उठता का? मध्ये येताय. उठल्या बिचाऱ्या, हातातला धोटा ठेवून. बाराच्या बारा फोटो मी त्या रिकाम्या मागाचे काढले.

तेवढ्यात मावशी आतून स्वतः विणलेलं ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. "माहाबी एक काढ ना गा, बाबू. जन्मात नाही काढला."

रोल संपला, उद्या येतो — एवढंच तर सांगायचं होतं ना? पण एका म्हातारीसाठी उद्या कोण येणार? मी त्यांना भिंतीशी बसवलं. पदर सारखा करायला लावला. श्वास रोखा म्हटलं, त्यांनी रोखला. रिकामा कॅमेरा खटकन वाजला.

"चांगला आला का गा?"

मी म्हणालो, फस्क्लास.

त्या हिवाळ्यात मावशी गेल्या. तिसऱ्या दिवशी वामन फोटो मागायला आला. 'रोलच्या टोकाला उजेड लागला रे' — जिभेवर तयारच होतं. तो माझ्याच पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "तुहा काय दोष गा त्यात? मायच्याच नशिबात नव्हता."

मी मान हलवली. हो, हलवली.

नंतर पुष्कळदा कॅमेरा घेऊन निघालो. फुटाळा तलावावर जायचो. कुणी समोर उभं राहिलं, की 'हलू नका' म्हणायला तोंड उघडायचं आणि मावशींचा तो रोखलेला श्वास आठवायचा. तसाच परत यायचो. पुढे निघणंच बंद झालं. लाज वाटते मला — इतकी, की कॅमेऱ्याचा पट्टासुद्धा हातात धरवत नाही.

त्या मागाच्या फोटोला प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं होतं. तेरवीला वामनने तोच मागून नेला. म्हणाला, "मायची जागा तं दिसते ना." आजही तो त्याच्या घरी भिंतीवर आहे, हार घातलेला. मी गेलो की वामन पाहुण्यांना कौतुकाने सांगतो — यानंच काढला.

त्या जागेवर मावशी बसल्या होत्या. मीच त्यांना उठवलं.