भरली घागर, हलका स्टँड

२ फेब्रुवारी १९४७, रविवार. सकाळपासून आक्काच्या कॅमेऱ्याच्या स्टँडला जवसाचं तेल लावते आहे. तिन्ही पाय घडीचे, सांध्यांतली धूळ काडीनं काढावी लागते. आक्का जाऊन महिना झाला, तेवढ्यात लाकूड कोरडं पडलं. लाकूड कुणासाठी थांबत नाही.

निरोप आला तेव्हा मी खासबागेतल्या आमच्या घरी, अंधाऱ्या खोलीत होते. फोटो थोरल्या बहिणीनं काढायचे आणि धुवायचे मी, अशी आमची वाटणी. त्या दिवशी ती अण्णांकडे, आमच्या भावाकडे जेवायला गेली होती. हात धुवायला उठली, भिंतीला टेकून बसली, ती बसलीच... पुतण्यानं बंद दाराबाहेरून सांगितलं. तिनंच काढलेल्या फोटोची काच माझ्या हाताखाली औषधात होती. ती पुरती धुऊन, वाळत ठेवूनच मी दार उघडलं. नातेवाईक अजून त्यावर बोलतात. बोलोत. दारातून उजेड लागून ती काच बिघडली असती तर आक्कानं मला कधी माफ केलं नसतं.

मेहुण्यांचं कँपात फोटोचं लहानसं दुकान होतं. ते गेल्यावर आक्काच्या हाती घडीचा कॅमेरा आला आणि एक सागवानी स्टँड, उचलायला गडी लागावा असा. घरंदाज बायका दुकानात येत नसत आणि परका पुरुष माजघरात चालत नसे. म्हणजे काम आक्काचीच वाट बघत होतं; पण स्टँड वाहणारा हमाल दारातच अडवला जाई. एकटीला नेता येईल असा स्टँड मिळाला तरच तिचा धंदा उभा राहणार होता. अण्णांना ते पटेना; आक्काला म्हणाले, "गोदे, हलका स्टँड घेतलास तर फोटोबी हलंल बघ. इकून टाक सगळं आणि गप घरात बस." शेवटी ठरलं ते असं: निपाणीच्या एका तंबाखूवाल्यांच्या आईचा फोटो काढायचा होता. तो साधला तर ठीक, नाही तर कॅमेरा विकायचा.

स्टँड घ्यायला मीही बरोबर गेले होते. दुकानदार एकेकाचं वजन सांगत होता. आक्का ऐकतच नव्हती. तिनं एका हातानं पदर आणि कॅमेऱ्याची पेटी धरली आणि राहिलेल्या हातानं एकेक स्टँड उघडून पाहिला. पितळी नळ्यांचा सगळ्यांत देखणा होता, पण त्याच्या खटक्यात तिचं बोट चिमटलं. हा बारीक लाकडाचा झटक्यासरशी उघडला. दुकानदार म्हणाला, "बाई, वाऱ्याला टिकायचा नाही हा." आक्का म्हणाली, "वाऱ्याचं वाऱ्याच्या वेळी बघू. माझा एक हात पदराला लागतोय, त्याचं आधी बघू दे."

निपाणीला आम्ही सर्व्हिस मोटारीनं गेलो. पारख करायला अण्णाही आलेच. अंगणात पलीकडच्या वखारींवरून तंबाखूचा वास घेऊन वारा सुटला होता. तंबाखूवाल्यांच्या आई, सगळ्यांच्या आजी, खुर्चीवर दगडासारख्या बसलेल्या, ओठ घट्ट मिटलेले. आक्का कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडात शिरली आणि तशीच बाहेर आली. वाऱ्यानं स्टँड हलत होता आणि कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर आजी थरथरत होत्या.

"आगं, तुझी तिवई हिवताप आल्यागत कापतीया की!" आजी म्हणाल्या. अंगणातल्या सगळ्या सुना हसल्या. अण्णा माझ्याकडे बघून नुसते खाकरले.

आक्कानं चहूकडं नजर फिरवली. विहिरीच्या कट्ट्यावर तांब्याची घागर होती. "आजी, ती घागर आणि दोर द्या जरा."

"तान लागली व्हय?"

"मला न्हाई, तिवईला."

सून रिकामीच घागर आणायला लागली तशा आजी खुर्चीतून उठल्या. "रिकामी नगं गं! भरल्या घागरीबिगार काम व्हतंय व्हय कुठलं?" आणि कुणी धरायच्या आत त्यांनी स्वतः पोहरा सोडून पाणी शेंदलं. आक्कानं घागर स्टँडच्या मधोमध दोरानं बांधली, तळ जमिनीला जेमतेम टेकलेला, दोर ताठ. स्टँड जागचा हलेना. आजी लुगड्याच्या ओल्या काठानिशी खुर्चीत येऊन बसल्या, धापा टाकत, तिवईला पाणी पाजल्याचं हसू तोंडावर. आक्कानं तेवढ्यात फोटो काढला.

त्या रात्री काच धुताना एकेक सुरकुती वर आली. सकाळी अण्णांनी ती उजेडाला धरून बराच वेळ पाहिली. "हललं न्हाई," एवढंच म्हणाले. कॅमेरा विकायचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

पुढं संकेश्वर, हुक्केरी, खानापूर, सगळीकडं आक्का एकटी गेली. काखेत स्टँड, हातात पेटी. "वजन घराघरात असतंय," म्हणायची, "वाहायचं कशाला?" घागर त्या घरचीच आणि फोटोत बसणारीनंच ती भरून द्यायची, असा रिवाजच पडला. पाणी भरून आलेली बाई लाजायचं विसरते, हे तिनं निपाणीत पाहिलं होतं. 'घागरवाल्या बाई' म्हणूनच लोक तिला ओळखू लागले. परकरी पोरींपासून पणज्यांपर्यंत कितीतरी जणींचे आयुष्यातले पहिले फोटो तिनं काढले. असं काम करून गेलेल्या माणसाबद्दल मला रडू येत नाही. अभिमान वाटतो.

काल अण्णा आले होते. स्टँडला गिऱ्हाईक आहे म्हणाले. आणि त्याच दिवशी सांबऱ्याहून एक सून आली. "आक्का न्हाईत हे कळलं वो. पर आमच्या म्हातारीचा फोटू ऱ्हायलाय. ती रोज लुगडं नेसून बसतीया." मी उभ्या जन्मात कुणाचा फोटो काढलेला नाही. 'धुणारीला काढायलाही कळतं,' असं आक्का मात्र नेहमी म्हणायची... तेल मुरतंय. आता लिहिणं इथंच थांबवते.

सोमवार. सकाळी सांबऱ्याला गेले. स्टँड एका हातानं उघडला. वारा होता. म्हातारीला म्हटलं, "आजी, एक घागर भरून आणा बघू."